फुगलेलं दार

आईची आंघोळ सगळ्या इमारतीला ऐकू जायची. आधी ठक ठक, मग नळ, मग गाणं, आणि शेवटी एक खणखणीत ठोका. तो शेवटचा ठोका ऐकला की वरच्या मजल्यावरची बाई आपल्या नवऱ्याला हलवून उठवायची, की उठा, खालच्या आजींची आंघोळसुद्धा झाली.

ठोके दाराचे होते. न्हाणीघराचं दार फुगून बसलं होतं. चौकटीत पुरतं जाईना, म्हणून कडी लागेना. मग आई आतून दाराखालच्या फटीत एक काळपट लाकडाचा तुकडा सारायची, अंग घासायच्या दगडाने तो ठोकून बसवायची आणि बाहेर येताना त्याच दगडाने उडवायची. गाणं होतं ते खबरदारीसाठी. तुकडा निसटलाच, तर बाहेरच्याला कळावं की आत माणूस आहे. आईला त्या गाण्याची एकच ओळ येत होती, पण ती ओळ ती मन लावून म्हणायची.

खरं म्हणजे हे दार दरवर्षीच फुगायचं. दमट दिवस सुरू झाले की वडील आपली हत्यारांची पेटी पुढे ओढायचे, मोठा रंधा काढायचे आणि दाराच्या कडेवरून दोन-चार हात फिरवून मोकळे व्हायचे. एकदाच काय ते जास्त तासून का टाकत नाही, असं आई विचारायची. त्यावर ते म्हणायचे, जास्त तासलं तर कोरड्या दिवसांत फट पडेल आणि तूच म्हणशील की वारा येतो. मागच्या वर्षी वडील गेले. दार मात्र आपल्या वेळेला फुगलं.

बाहेरचा सुतार बोलवायचं नाव काढलं की आईचा पारा चढायचा. सुताराच्या घरात सुतार बोलवू, म्हणजे लोकांनी काय म्हणावं? मग लेकीचं शिवणाचं दुकान असताना पडदेही बाहेरून शिवून आणते, असं ती ताईला ऐकवायची. ताईने काही सुतार बोलवायचं सुचवलं नव्हतं. सुचवलं होतं तिच्या धाकट्या भावाने. पण आईचं बोलणं नेहमी जवळ जो असेल त्याला लागायचं.

धाकटा विमा कंपनीत होता आणि त्याने नवीन घर घेतलं होतं. त्या घराच्या दिवाणखान्यात एक भिंत रिकामी होती, आणि त्या भिंतीवर वडिलांची हत्यारं लावायची असं त्याच्या मनाने घेतलं होतं. मोठं करवत वर, मग उतरत्या क्रमाने बाकीची, प्रत्येकावर छोटा दिवा. भावजयीने फळीचा रंगही ठरवून ठेवला होता. घर बघायला कचेरीतली मंडळी येणार होती, त्याआधी सगळं लागायला हवं होतं. धाकट्याचा हेतू चांगला होता, हे ताईलाही मान्य होतं. आपले वडील कसे कारागीर होते हे चार लोकांना दिसावं, एवढंच त्याला वाटत होतं. पण हत्यारांना खिळे ठोकून भिंतीवर टांगायचं म्हटलं की ताई उठून पेटीचं झाकण लावायची.

तिचं कारण वेगळं होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या दुकानातल्या कात्र्यांना धार लावायचे ते वडील. दर थोड्या दिवसांनी यायचे, काही न बोलता कात्री पिशवीत टाकून न्यायचे आणि परत आणून दिली की कापड नुसतं तिच्या नजरेने फाटेल असं वाटायचं. ते गेल्यावर तिने रस्त्यावरच्या धारवाल्याला कात्री दिली. त्याने तिची पाती अशी खाऊन टाकली की ती आता कापड चावायची. पेटीतल्या ज्या दगडावर तिची कात्री घासली जायची, तो दगड दिव्याखाली शोभेला बसणार, हे तिला सहन होत नव्हतं.

दोघांची तोंडं दोन दिशांना झाल्यावर आईने निकाल दिला.

"या हत्यारांनी जो हे दार लावून दाखवील, पेटी त्याची. नाही लागलं, तर मग टांगा खुशाल. काम होत नसेल तर ती टांगायच्याच लायकीची."

आणि ती ठक ठक करून आंघोळीला गेली.

पेटी उघडली तेव्हा आतून वडिलांचा वास आला; लाकडाचा भुसा, तेल आणि थोडा घाम. मग धाकट्याने जमिनीवर चादर अंथरली, हत्यारं एकेक काढून मांडली, आणि ध्यानात आलं की सुताराच्या दोन्ही मुलांना अर्ध्या वस्तूंची नावंसुद्धा येत नाहीत.

करवत, हातोडी, पक्कड कळली. लाकूड कोरायच्या पटाश्या कळल्या, म्हणजे ताईला कळल्या. धाकटा त्यांना मोठे स्क्रू ड्रायव्हर समजत होता. पुढे गाडी अडली. धाकट्याने फोन काढला. फोटो काढला की फोन वस्तूचं नाव सांगतो म्हणे. फोनने ठोकायच्या लाकडी मोगरीला बटाटे कुस्करायचं साधन ठरवलं. लाकडाला भोक पाडायचं गिरमिट दाखवलं तर बाटलीचं बूच काढायचा स्क्रू म्हणाला. काटकोन बघायचा गुण्या समोर धरल्यावर तर त्याने हातच टेकले. चित्र स्पष्ट नाही, पुन्हा काढा म्हणाला. आणखी एक विचित्र प्रकार होता. एका दांडीवर सरकणारा ठोकळा आणि दांडीच्या टोकाला बारीक टोचणी. धाकट्याच्या मते तो उंदराच्या सापळ्याचा भाग होता. ताई म्हणाली, मला तर वाटतं कडेपासून सारख्या अंतरावर खूण करायचं काहीतरी असावं, कारण मी शर्टाच्या काजांना असंच माप घेते. धाकटा म्हणाला, ताई, जगातली प्रत्येक गोष्ट शर्टासाठी नसते.

मग दोघांनी वाटून घेतलं. त्याने पोलादाकडे बघायचं, तिने लाकडाकडे.

धाकट्याने शेजारून चकाकी आणायचं चाक मागून आणलं, ड्रिलला लावलं आणि पटाश्या अशा घासल्या की त्यांत तोंड बघून भांग पाडावा. गंज गेला, धारही गेली. चकचकीत टोकं गुळगुळीत गोल झाली. त्यांनी आता केळंसुद्धा सोललं नसतं. ताईने ते पाहिलं आणि रंध्याचं पातं आणि धारेचा दगड गुपचूप आपल्या पिशवीत टाकला. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती वडिलांच्या दगडावर ते घासत बसायची. वडील कसं धरायचे ते आठवून, त्याच तिरकेपणाने, पुढे जाऊन मागे येऊन. धार बघायला ती केस नाही, दोरा वापरायची. ताणून धरलेला शिवणाचा दोरा नुसत्या स्पर्शाने तुटायला लागला, तेव्हा तिने पातं चिंधीत गुंडाळलं आणि मशीनच्या खणात ठेवलं.

चूक तिनेही केली. लाकूड सुकतं म्हणून तिने दांड्यांना तेल लावलं, ते ठीक होतं. पण रंध्याच्या लाकडी ठोकळ्याला ती लहान बाळासारखं तेल चोपडत राहिली, वरून, खालून, मधल्या खाचेतून. ठोकळा इतका तुळतुळीत झाला की हातातून निसटून धाकट्याच्या पायाच्या अंगठ्यावर पडला, आणि धाकटा लंगडत घरी गेला.

शेवटी परीक्षेचा दिवस आला. ताईने पातं खाचेत घातलं. ते सरळ खालून बाहेर पडलं. तिने कापडाची घडी घालून ते दाबून बसवलं आणि दाराच्या कडेवर रंधा ढकलला. पातं आत पळालं, घडी बाहेर आली, दारावर तेलाचा डाग पडला. धाकट्याने तारेने बांधून बघितलं, तर तार तुटली. हा रंधा म्हातारा झालाय, असं त्याने जाहीर केलं आणि भिंतीचं माप सांगायला बायकोला फोन लावला.

ताईचा धीर सुटत चालला होता. म्हणून तिने नाइलाजाने जोडीकाकांना बोलावलं.

जोडीकाका म्हणजे वडिलांचे कामातले जोडीदार. मोठे ओंडके चिरताना दोघं दोन टोकांना असायचे, म्हणून लहानपणापासून मुलं त्यांना जोडीकाका म्हणायची. पुढे दोघांत बिनसलं ते कायमचं. कशावरून, ते काका एक सांगायचे आणि वडील काहीच सांगायचे नाहीत. आता काकांना मोतीबिंदूमुळे कमी दिसायचं, पण हक्क सांगायला डोळे लागत नाहीत. ते चादरीशी टेकले, पहिली वस्तू उचलली, अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, हा गुण्या माझा.

मग झाली सुरुवात. गिरमिट? माझं. खिडक्यांच्या कामावर नेलं ते दिलंच नाही. मोगरी माझ्या चिंचेच्या लाकडाची, वास घेऊन बघा. तो दांडीवरचा ठोकळा फळीवर रेघ मारायचा, तोही माझा. ताईने धाकट्याकडे बघितलं आणि काजांचं माप घेतल्यासारखी दोन बोटं वर केली. धाकट्याने नजर दुसरीकडे वळवली, पण फोन काढून तो सगळं टिपून घेत होता. काका हक्क सांगण्याच्या भरात प्रत्येक हत्याराचं नाव, काम आणि खोड सांगत होते. फुकटात एवढी माहिती त्याला दुसरीकडे मिळाली नसती.

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. भावोजींना चहा देताना तिने एवढंच विचारलं, की सगळंच तुमचं होतं तर आमचे हे एवढी वर्षं कशाने काम करत होते, नखांनी?

"वहिनी," काका शांतपणे म्हणाले, "तोच तर माझा प्रश्न होता."

आईने कप जरा जोरातच टेकवला आणि टॉवेल घेऊन न्हाणीघराकडे गेली.

काकांनी रंधा उचलला. पटाश्यांच्या टोकांवरून अंगठा फिरवून त्यांनी आधीच एक सुस्कारा सोडला होता. रंध्याला हात लागताच तो हात पँटला पुसला आणि विचारलं, याला तेल कुणी पाजलं? ताईने मान खाली घातली. त्यांनी बोट खाचेत घातलं, आत फिरवलं, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पाचर कुठंय?"

कसली पाचर, असं दोघांनी एकदम विचारलं. काकांनी सांगितलं ते असं, की पातं खाचेत नुसतं ठेवायचं नसतं. त्याच्यावर लाकडाची पाचर ठोकून ते आवळायचं असतं. पाचर नसेल तर हा रंधा नाही, नुसता ठोकळा. धाकटा म्हणाला, पडली असेल कुठेतरी, पेटी हलवताना.

"पडते कशी? रंध्याच्या मागच्या अंगाला मोगरी हाणल्याशिवाय ती हलत नाही. कुणीतरी जाणून काढलीय."

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. मागच्या अंगाला हाणायचं, हे या घरात माहीत कुणाला होतं? ताईला नव्हतं, धाकट्याला तर नव्हतंच.

आतून आवाज आला. ठक ठक.

ताई येताजाता तो आवाज ऐकत होती. पण आज पहिल्यांदा तिने तो कान देऊन ऐकला. लहानपणी वडिलांच्या कामाच्या मेजाखाली बसून ती लाकडाच्या कुरळ्या ढलप्या गोळा करायची, तेव्हा डोक्यावर हाच आवाज व्हायचा, अगदी असाच, आधी एक हलका आणि मग एक भरीव. लाकडात पाचर बसल्याचा. पाठोपाठ नळ सुटला आणि आईने आपली ओळ सुरू केली.

ताई उठून न्हाणीघराच्या दाराशी गेली.

"आई, ती पाचर दे."

गाणं थांबलं. नळ मात्र चालू होता.

"कुठली पाचर?"

"जिच्या जोरावर तुझी आंघोळ चाललीय."

मग आईचा आवाज आला, की साबण लावलाय, विसळून तरी घेऊ दे.

आई डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली तेव्हा तिघं दाराशी रांगेने उभे होते. तिच्या मुठीत तो काळपट तुकडा होता. वरचं टोक हातोडीच्या माराने चेपलेलं, खालचं निमुळतं. एवढे दिवस सगळे त्याच्यावरून पाय टाकून आत-बाहेर करत होते. धाकट्याला तर एकदा त्याची ठेच लागली होती, आणि त्याने त्याला शिवी दिली होती.

"मला वाटलं, कुणी मागणारच नाही," आई म्हणाली.

मग ती बसली आणि तिने सगळं सांगितलं, अर्थात रागावल्यासारखं. वडील गेले त्याच आठवड्यात धाकट्याने भिंतीची गोष्ट काढली होती. तिने त्याच दुपारी मोगरी घेतली, रंध्याच्या मागच्या अंगाला हाणली आणि पाचर काढून घेतली. जन्मभर त्यांना तसं करताना बघितलं होतं, त्यात काय अवघड. म्हटलं, ज्याला रंधा चालवायचा असेल तो पाचर मागेल. तर एक जण चमकवत बसला, दुसरी तेल पाजत बसली. दोघांपैकी एकाच्याही तोंडून पाचर हा शब्द निघेना.

"पण मग दाराला का लावलीस?" धाकट्याने विचारलं.

आईने टॉवेलचं टोक नीट खोचलं. "दार कुणीतरी धरायला नको?" ती म्हणाली. काका खिडकीबाहेर बघू लागले, नीट दिसत नसताना.

पण तेवढ्याने भागलं नाही. ताईने पातं बसवलं, वर पाचर ठोकली, आणि पाचर सुळकन वर आली. तेलाचा प्रताप. काका म्हणाले, आता आठवडाभर उन्हात ठेव. धाकट्याचे पाहुणे त्याआधीच यायचे होते. त्याने सहानुभूती दाखवायचा प्रयत्न केला, पण चेहऱ्यावर ती नीट बसली नाही. ताईने इकडेतिकडे बघितलं, मग आपली पर्स उघडली. कापडावर खुणा करायचा खडू तिच्या पर्समध्ये कायम असायचा, कधी कंगव्याला लागायचा, कधी बसच्या तिकिटाला. शिवताना हात घामेजला आणि सुई निसटायला लागली की ती बोटांना तोच खडू चोळायची. तिने खाच चिंधीने पुसली, पाचर दोन्ही अंगांनी खडूने पांढरी केली आणि ठोकली.

पाचर बसली. आवाजच सांगत होता.

दार बिजागऱ्यांतून काढायला धाकट्याचं ड्रिल कामी आलं, आणि त्याबद्दल त्याने दोनदा बोलून दाखवलं. दार आडवं करून कड वर केली. धाकटा ते दोन्ही गुडघ्यांत धरून बसला. ताईने रंधा टेकवला आणि जोर लावला. रंधा दोन पावलं गेला, कचकला आणि अडला. कडेचं लाकूड उपसून आलं.

"उलटी निघालीस," काका म्हणाले. "मांजराच्या पाठीवरून शेपटीकडून हात फिरवलास तर ते काय करेल?"

ताईने रंधा बाजूला ठेवला आणि दाराच्या कडेवर तळवा फिरवला. एकदा जाताना, एकदा येताना. मखमलीचं कापड बेतायच्या आधी ती हेच करायची. एका बाजूने हात गुळगुळीत जातो, दुसऱ्या बाजूने बोटं अडखळतात. दार मखमल नव्हतं, पण बोटं अडखळली. ती उठली, पलीकडच्या टोकाला गेली आणि तिकडून सुरुवात केली.

या वेळी रंधा गायला लागला. फर्र असा एकच लांब सूर, आणि त्याच्या तोंडातून ढलपी वर आली, पातळ, कुरळी, दिव्यासमोर धरली तर आरपार दिसेल अशी. ती दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड निघाली. काकांनी ती चाचपून बघितली, बोटांत चुरगळली नाही, हळूच धाकट्याच्या हातात दिली. मग म्हणाले, बरं आहे. त्यांच्या तोंडून एवढं निघायला वडिलांना अर्धं आयुष्य लागलं होतं, असं आईने मागाहून सांगितलं.

ताईला आणखी तासायचं होतं. हात चालायला लागला होता आणि थांबवत नव्हता. पण आई म्हणाली, पुरे, नाही तर कोरड्या दिवसांत वारा येईल. वडिलांचं वाक्य आपल्या तोंडून निघालं हे तिच्या लक्षात आलं की नाही, कुणास ठाऊक.

दार पुन्हा चढवलं. आईने आत जाऊन ते लावून घेतलं, आणि दार फुगल्यापासून पहिल्यांदा कडी लागल्याचा आवाज आला. ती बराच वेळ बाहेर आली नाही. नळाचा आवाज नाही, गाणं नाही. शेवटी धाकट्याने दारावर टकटक केलं, की आई, अडकलीस का?

"जरा बसू दे ना रे," आतून उत्तर आलं.

बाहेर आल्यावर तिने वाटणी केली. पेटी ताईची; पण राहणार इथेच, कारण दार काही ताईच्या घरी फुगत नव्हतं. ताईने दरवर्षी येऊन दोन-चार हात फिरवायचे, आणि मधल्या काळात कात्र्या घेऊन यायला कुणाची ना नव्हती. मग आईने चादरीवरून रेघ मारायचं हत्यार उचललं आणि जोडीकाकांच्या हातात ठेवलं.

"हे तेवढं खरंच तुमचं. ते म्हणायचे, परत करायचंय, पण आधी तो बोलू दे."

काका ते कितीतरी वेळ चाचपत बसले. मग म्हणाले, गुण्याचं काय? आई म्हणाली, भावोजी, चहा घ्या आणि निघा.

धाकट्याच्या भिंतीवर आता एकच वस्तू आहे. काचेच्या चौकटीत ती पहिली लांब ढलपी, तिच्यावर एक छोटा दिवा. पाहुणे विचारतात, हे काय, तर तो सगळी गोष्ट सांगतो, आणि त्याच्या गोष्टीत दार त्याने धरलं होतं हे दर वेळी थोडं जास्त ठळक होत जातं.

दार दुरुस्त झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र वरच्या मजल्यावरची बाई धावत खाली आली. ठोका ऐकू आला नाही, म्हणून तिचा नवरा झोपूनच राहिला होता आणि आता कामावर बोलणी खाणार होता. आजी, तब्येत बरी आहे ना, असं तिने दारातूनच विचारलं.

तेव्हापासून आई कडी लावून निवांत आंघोळ करते, आपली ओळ म्हणते, आणि निघताना अंग घासायच्या दगडाने फरशीवर एक ठोका देते. पाचर रंध्यात आहे, रंधा पेटीत आहे. ठोका तेवढा शेजारधर्म म्हणून.